खांद्याचा पत्रा कानात का घुसतो? (गेममधली चिलखतं)

लोखंडाचे_चणे

तीन आठवडे गेममधल्या एकाच बॉसच्या (म्हणजे टप्प्याच्या शेवटी उभा असलेला तगडा शत्रू) हातून मरत होतो. काल रात्री तो एकदाचा पडला आणि ज्याच्यासाठी एवढी मरमर केली तो चिलखताचा सेट मिळाला. काळाशार, कडांना सोनेरी रेघ, खांद्यांवर परातीएवढे दोन पत्रे आणि त्या पत्र्यांवर वीतभर काटे. घातला. लगेच कटसीन (गेममध्येच मधे लागणारा छोटा चित्रपट) सुरू. आमच्या गड्यानं विजयाची तलवार डोक्यावर उचलली आणि डाव्या खांद्याचा पत्रा कानातून आत शिरून गालातून बाहेर आला. गडी आपला हसतोच आहे.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. हे असलं काही खरोखर कुणी अंगावर चढवलं असतं तर त्याला हात वर करता आला असता का? मांडी घालून बसणं सोडा, नुसतं वाकता तरी आलं असतं का? आणि मुख्य म्हणजे, आपल्याला त्यानं फरक पडतो का? निव्वळ 'पटत नाही' म्हणून चांगले आकडे असलेलं, म्हणजे जास्त संरक्षण देणारं चिलखत पेटीत टाकून दिलंय का कुणी?

तज्ज्ञांनी लिहाच, अतितज्ज्ञांनीही लिहा.

काडीपेटी

ड्रॅगन उडतो ते चालतं. मेलेली माणसं उठून तलवारी चालवतात ते चालतं. खिशात अठरा भाले आणि चाळीस किलो बटाटे मावतात तेही चालतं. खांद्याचा पत्रा तेवढा शास्त्रशुद्ध पाहिजे! (हलके घ्या.)

उंटावरची_शहाणी

काडीपेटी, 'ड्रॅगन चालतो मग हे का नाही' हा मुद्दा अशा प्रत्येक चर्चेत येतो, तेव्हा एकदाच लिहिते. इथे ड्रॅगन आहेत हे गेमनं पहिल्या दहा मिनिटांत सांगितलेलं असतं. इथल्या माणसांना काखा नसतात, असं कुठेही सांगितलेलं नसतं.

वाचनमात्र

काखा नसतात =))

बहुभुज

अखेर माझ्या पोटापाण्याचा विषय निघाला. मी गेमसाठी थ्रीडी मॉडेलं करतो, त्यामुळे तो कानात घुसलेला पत्रा एका अर्थी माझंच पाप आहे.

गेममधल्या माणसाच्या आत हाडांचा सांगाडा असतो आणि वर कातडीसारखी जाळी ताणलेली असते. चिलखतही बहुतेकदा त्याच हाडांना बांधतात. मग दोनच गोष्टी होऊ शकतात. पत्रा हाडाबरोबर ताणला तर पोलाद रबरासारखं वाकतं. ताणला नाही, कडक ठेवला, तर तो कानात जातो. लोखंडाचे_चणे, तुमच्या गेमवाल्यांनी दुसरा पर्याय घेतला. मला विचाराल तर तो जास्त प्रामाणिक आहे.

खऱ्या चिलखतात खांदा हा एक पत्रा नसतोच. एकावर एक चढलेल्या पट्ट्या असतात, आतून चामड्याच्या वाद्यांवर टांगलेल्या. काही ठिकाणी रिबिट गोल भोकात न बसवता लांबट खाचेत बसवतात, म्हणजे ती सरकते. हात वर केला की पट्ट्या एकमेकींच्या खाली शिरतात, खाली घेतला की पुन्हा पसरतात. हे गेममध्ये करायचं तर प्रत्येक पट्टीला वेगळं हाड द्यावं लागतं. मग शंभरेक हालचालींमध्ये ते तपासा, मग लहानमोठ्या सगळ्या देहयष्टींवर तपासा, मग वर झगा आणि पाठीला बाणांचा भाता लावून पुन्हा तपासा. मी एकदा सात पट्ट्यांचा खांदा केला होता. चार दिवस गेले. वरच्यांनी बघितला, "सुंदर आहे" म्हणाले आणि सातही पट्ट्या जोडून एक करायला सांगितल्या.

दुसरं कारण कॅमेरा. कॅमेरा वरून असेल तर माणूस पडद्यावर अंगठ्याएवढा दिसतो आणि त्यातही डोकं आणि खांदेच. कॅमेरा मागून असेल तर साठ तास त्याची पाठ आणि खांदे बघायचे. म्हणून खांदे फुगतात. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचे खांदे हा चेष्टेचा विषय आहे खरा, पण चाळीस जणांच्या गर्दीत कोण योद्धा आणि कोण मांत्रिक हे त्या खांद्यांवरूनच कळतं. टीम फोर्ट्रेस २ मध्ये तर प्रत्येक पात्र नुसत्या काळ्या सावलीवरूनही ओळखू आलं पाहिजे, या हिशेबानंच घडवलेलं आहे.

लोखंडाचे_चणे

बहुभुज, माफ केलं. सात पट्ट्यांचं वाचून वाईट वाटलं.

खिळामोळा

उत्तम प्रतिसाद बहुभुज. चिलखताचा इतिहास हा माझा जुना नाद आहे, म्हणून थोडी भर.

वाकण्याबद्दल. पंधराव्या शतकातला छातीचा पत्रा बघा. तो बेंबीच्या जरा वर, जिथे कंबर सगळ्यात बारीक असते तिथे संपतो. खाली पट्ट्यांचा घागऱ्यासारखा भाग लोंबतो. असं का, तर माणूस वाकतो तो तिथेच. गेममध्ये छातीचा पत्रा बहुतेक वेळा जीन्सच्या पट्ट्यापर्यंत ओढलेला असतो, कारण आपल्या डोळ्याला 'कंबर' म्हणजे तिथे वाटते. तो घालून पडलेली तलवार उचलायची झाली तर गुडघ्यावर बसावं लागेल, आणि बसल्यावर पत्र्याची कड मांडीत घुसेल. मी कुठल्याही गेममधलं चिलखत बघताना आधी तो पत्रा कुठे संपतो ते बघतो. निम्मा निकाल तिथेच लागतो.

वजनाचा बाऊ मात्र खोटा. लढाईतलं संपूर्ण पोलादी चिलखत साधारण २० ते २५ किलोचं, आणि तेही सगळ्या अंगावर वाटलेलं. छातीवर पत्रा दोनेक मिलिमीटर, हातापायांवर त्याहून पातळ. सरदाराला घोड्यावर बसवायला यारी लागायची ही निव्वळ लोणकढी. बूसिको नावाचा फ्रेंच सेनानी (१४१५ साली आझँकूरच्या लढाईत पकडला गेला तो) चिलखतात कोलांटउड्या मारायचा आणि शिडीच्या खालच्या बाजूनं नुसत्या हातांनी वर चढायचा, असं त्याच्या हयातीतच लिहिलेल्या चरित्रात आहे. खेळातल्या भालाझुंजीची चिलखतं जड असत, पण त्यात फक्त घोड्यावर बसून समोर जायचं असे.

तिरपागडे

हे कोलांटउडीचं प्रकरण नेहमी सांगतात. पण लीड्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये चिलखत घातलेल्या लोकांना ट्रेडमिलवर चालवून बघितलं होतं. चालायला नेहमीच्या दुपटीहून जास्त ऊर्जा लागली. मग हलकं कसं?

खिळामोळा

दोन्ही खरं आहे, तिरपागडे. त्या प्रयोगातली चिलखतं ३० किलोच्या वरची होती हे एक. पण त्यातला मजेदार निष्कर्ष वेगळाच आहे. तेवढंच ओझं पाठीवर घेतलं तर इतका दम लागत नाही. चिलखतात सात-आठ किलो पायांवर असतात आणि प्रत्येक पावलाला ते उचलून पुढे फेकावे लागतात. क्रिकेटचे पॅड बांधून तीन धावा पळून बघा, मग कळेल. शिवाय छाती बंद, त्यामुळे श्वास मोठा घेता येत नाही. माणूस चपळ राहतो, पण थोडाच वेळ.

रात्रपाळी

आणि हेच एकाही गेमला धड जमलेलं नाही. डार्क सोल्समध्ये ओझं क्षमतेच्या २५ टक्क्यांखाली असेल तर तुम्ही चपळ, ५० च्या वर गेलात की वार चुकवायला मारायची कोलांटी म्हणजे धप्प करून लोळण. एल्डन रिंगमध्ये ही जड लोळण ७० टक्क्यांना सुरू होते. ६९.९ ला माणूस, ७० ला धान्याचं पोतं. एक अंगठी काढली की पोत्याचा पुन्हा माणूस. मी एकदा बॉसच्या दारात वीस मिनिटं नुसते हातमोजे बदलत बसलो होतो. पोलादी छाती, पोलादी पाय आणि हातात सुती मोजे. बॉसही बहुतेक हसून दमला असेल, कारण त्या दिवशी मी जिंकलो.

भुंगा

किंगडम कम: डिलिव्हरन्स कुणीच कसं काढलं नाही अजून?

१४०३ चं बोहेमिया. ड्रॅगन नाही, जादू नाही. आधी अंगाला जाड शिवलेला गादीसारखा अंगरखा, त्यावर कड्यांचं चिलखत, त्यावर पत्रा. डोक्यालाही तसंच, आधी मऊ टोपी. मी नवखा असताना कसंबसं बंद शिरस्त्राण मिळवलं, झडप खाली ओढली आणि ऐटीत रस्त्यानं निघालो. पडद्यावर उरली एक आडवी फट. फटीतून समोरचा एक लुटारू दिसत होता. बाजूचा दिसत नव्हता. त्याच्याकडे तलवारसुद्धा नव्हती, साधी गदा होती. त्यानं ती माझ्या टाळक्यात घातली आणि मला मागचं सेव्ह उघडावं लागलं. तेव्हापासून झडप वर ठेवून फिरतो. चकमक सुरू होते तेव्हा खाली करायची आठवण राहत नाही, आणि मला वाटतं हेही ऐतिहासिकदृष्ट्या बरोबर असावं.

त्या गेमनं तलवारीबद्दलही शहाणं केलं. पोलादी पत्र्यावर तलवारीचा वार म्हणजे तव्यावर पळी आपटणं. खरे लोक एक हात पात्यावर धरून टोक फटीत खुपसायचे, किंवा तलवार उलटी धरून मुठीनं हाणायचे. बाकीच्या गेममध्ये मात्र पत्रा कापला जातो, रक्त उडतं आणि पत्र्यावर ओरखडाही नाही.

काडीपेटी

म्हणजे खऱ्यासारखं केलं की गेम म्हणजे फटीतून बघत मार खाणं. कळलं. मी ड्रॅगनकडे परत चाललो.

सुतावरून_स्वर्ग

भुंगा, त्या गादीसारख्या अंगरख्यावरून आठवलं. गेममधलं 'स्टडेड लेदर' म्हणजे खिळे ठोकलेलं चामडं. कधी विचार केलाय का की चामड्यावर चार-चार बोटांवर खिळे ठोकून संरक्षण कसलं मिळणार? बहुधा घोळ झाला तो ब्रिगंडाइन बघून. त्यात कापडाच्या किंवा चामड्याच्या आतून पोलादी तुकडे रिबिटांनी बसवलेले असत. बाहेरून दिसायची ती फक्त रिबिटांची टोपणं. बघणाऱ्याला वाटलं, हेच चिलखत! डंजन्स अँड ड्रॅगन्स या जुन्या फाशांच्या खेळानं ते उचललं आणि तिथून सगळ्या गेममध्ये पसरलं. फणस बघून आत नुसते काटेच असणार म्हणण्यातला प्रकार.

तसंच व्हायकिंगांच्या शिंगांचं. व्हायकिंग काळातलं जे शिरस्त्राण नॉर्वेत येरमुंडबूला १९४३ मध्ये सापडलं त्याला चष्म्यासारखी पट्टी आहे, शिंगं नाहीत. शिंगं लोकांच्या डोक्यात बसली ती जर्मन संगीतकार वॅग्नरच्या ऑपेराच्या १८७६ च्या वेशभूषेतून. तरी स्कायरिम गेमच्या जाहिरातीतल्या गड्याच्या डोक्यावर शिंगं आहेतच.

रात्रपाळी

स्कायरिमचं ते शिरस्त्राण शिंगांशिवाय कुणी विकत घेतलं असतं का पण?

उंटावरची_शहाणी

आता तो विषय काढतेच, कारण एवढ्या प्रतिसादांत एकानंही काढलेला नाही आणि त्याचं मला जरा आश्चर्य वाटतंय.

एकच चिलखत. नाव तेच, आकडा तोच, दुकानातलं चित्रही तेच. पुरुषाच्या अंगावर चढलं की पोलादी वाडा. बाईच्या अंगावर चढलं की दोन वाट्या, एक साखळी आणि मांड्या उघड्या. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा खरंच वाटलं की गेम बिघडला, बाकीचे पत्रे लोड व्हायचे राहिले. पाच मिनिटं वाट बघितली.

पोट उघडं ठेवणारं कवच बाद, यावर वाद नसावा. पण जे अंगभर असतं त्यातही छातीला दोन वेगळे घुमट काढतात. खरा छातीचा पत्रा मधून फुगीर असतो, कित्येकदा मधोमध धारही असते, म्हणजे वार घसरून बाजूला जावा. दोन घुमट काढले की मध्ये दरी तयार होते आणि घसरलेलं टोक थेट छातीच्या हाडावर येतं. चिलखत शत्रूला वाट दाखवतं! जोन ऑफ आर्कसाठी १४२९ मध्ये तूरला चिलखत घडवलं, ते घालून ती लढाईत उतरली. आत गादीचा अंगरखा असतो, पत्रा मुळात फुगीर असतो. वेगळे घुमट हवेत कशाला?

तिरपागडे

पुष्कळसं मान्य, पण 'घुमटांमुळे हाड मोडेल' हे जरा ताणलेलं वाटतं. आत जाड अंगरखा असेल तर तसं काही होणार नाही. वाईट रचना आहे, जीवघेणी नाही.

आणि मिरवणं खऱ्या चिलखतातही होतंच. ग्रीक-रोमन काशाच्या छातीवर पोटाचे स्नायू कोरलेले असत, आत सेनापतीची ढेरी का असेना. आठव्या हेन्रीचं १५४० चं चिलखत टॉवर ऑफ लंडनमध्ये आहे, त्याचा पुढचा... असो. ज्यांनी बघितलंय त्यांना कळलं.

उंटावरची_शहाणी

जीवघेणी नाही, वाईट आहे. चला, तडजोड मंजूर. आणि हेन्रीचं बघितलंय. फरक एवढाच की हेन्रीनं ते स्वतः मागून घेतलं होतं, आणि बाकीचं अंग नखशिखांत झाकलेलं होतं.

मॉन्स्टर हंटर वाइल्ड्सनं (२०२५) स्त्री-पुरुष भेद काढून कुठलंही चिलखत कुणालाही घालू दिलं, ते मला यावरचं सगळ्यात सोपं उत्तर वाटलं. ज्याला दोन वाट्या हव्यात त्यानं खुशाल घालाव्यात, मिशा असल्या तरी.

भुंगा

मी घातल्या. मिशा आहेत. तक्रार नाही.

दोन_पकडी

एरवी फक्त वाचत असते. आज लिहिते कारण काखेचा विषय निघालाय आणि काखेनं माझे तीन महिने खाल्लेत.

कड्यांचं चिलखत घरी करून बघायचं खूळ घेतलं होतं. पोलादी तार सळईवर गुंडाळायची, स्प्रिंगसारखी झाली की एका रेषेत कापायची, की झाल्या कड्या. प्रत्येक कडी चार कड्यांतून ओवायची आणि दोन पकडींनी तोंड मिटवायचं. पहिल्या आठवड्यात अंगठ्याला फोड, दुसऱ्या आठवड्यात फोडावर फोड. सोपं म्हणून इंग्रजी टी अक्षरासारखा सदरा केला, पुढे चौकोन, मागे चौकोन, बाजूंना नळ्या. घातला, आरशासमोर उभी राहिले आणि लोखंडाचे_चण्यांच्या गड्यासारखा हात वर केला. हाताबरोबर अख्खा सदरा बेंबीच्या वर आला. शिवाय काखेतल्या पंचवीसेक कड्या पटापट उघडून जमिनीवर. खऱ्या सदऱ्यात कड्यांची तोंडं रिबिट मारून पक्की करत, ती का, हे तेव्हा कळलं.

मग काखेत जास्तीच्या कड्यांचा तुकडा घातला, ब्लाउजला काखेत कळी घालतात तसा. तो बसवायला बाकीच्या सगळ्या सदऱ्याइतका वेळ लागला. आता हात वर जातो. सगळा भार खांद्यांवर येतो म्हणून कंबरेला पट्टा आवळायचा, की निम्मं ओझं ढुंगणावर उतरतं.

गेममध्ये हे कधीच दिसत नाही. एका क्लिकमध्ये चिलखत अंगावर. मला एकटीला तो सदरा काढता येत नाही. कंबरेत वाकून, डोकं खाली करून, हात लोंबते सोडून सापानं कात टाकावी तसा घरंगळू द्यावा लागतो, आणि जाताना केस घेऊन जातो.

खिळामोळा

दोन_पकडी, दंडवत! धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद.

आणि तुम्ही मूळ प्रश्नाच्या अगदी जवळ आणून सोडलंत. खऱ्या चिलखतात खांद्याचा मोठा पत्रा असतो तो मुळी काख झाकायला. ती उघडी ठेवल्याशिवाय हात हलत नाही आणि उघडी ठेवली की खंजीर तिथेच शिरतो. म्हणून खांद्याचा पत्रा पुढून छातीवर उतरतो, कुठे काखेसमोर गोल चकती टांगतात. उजवीकडचा पत्रा लहान ठेवतात, कारण तिथे भाला धरायचा असतो. सगळं पुढे आणि खाली. गेमवाले तोच पत्रा वर आणि बाहेर वाढवतात. कान गाठणार नाही तर काय!

बहुभुज

हे माझ्या भिंतीवर लावतोय.

सुतावरून_स्वर्ग

अवांतर: बंदुकीच्या गेममध्ये तरी काय वेगळं आहे? पब्जीत लेव्हल वनचं हेल्मेट म्हणजे साधं मोटारसायकलचं. काउंटर-स्ट्राइकमध्ये केव्हलर घालून रायफलीच्या गोळ्या झेलत पळतात. नुसतं केव्हलर पिस्तुलाची गोळी अडवतं, रायफलीसाठी सिरॅमिकच्या किंवा पोलादी प्लेटा लागतात. एस्केप फ्रॉम टारकॉव्हमध्ये प्लेट कुठे संपते आणि नुसतं कापड कुठे सुरू होतं याचाही हिशेब आहे. बरगडीत गोळी लागून मेलो की आता मला दुःख होत नाही, अभ्यास होतो.

रात्रपाळी

घोस्ट ऑफ त्सुशिमा १२७४ मध्ये घडतो आणि चिलखतं पुढच्या कित्येक शतकांतली आहेत. तेव्हाचं खरं चिलखत घोड्यावरच्या तिरंदाजाचं, खोक्यासारखं चौकोनी. हे सगळं माहीत असून मला तो गेम खटकला नाही. दोऱ्या कुठे बांधल्यात, पट्ट्या कशा हलतात, हे दिसतं. चुकीच्या शतकातलं का होईना, कुणीतरी ते घालून चाललंय असं वाटतं.

उंटावरची_शहाणी

बरोबर. 'कुणीतरी घालून चाललंय' एवढंच मागणं आहे माझं.

काडीपेटी

एक शंका. इथले सगळे काखेचे अभ्यासक, खरं सांगा, सेटिंगमध्ये जाऊन 'शिरस्त्राण लपवा' वर टिचकी कोण कोण मारतं?

भुंगा

...

रात्रपाळी

...

खिळामोळा

चेहरा दीड तास बसून घडवलाय हो. नाकच चाळीस मिनिटं.

उंटावरची_शहाणी

काडीपेटी, हा वार फटीतून आत गेला. मी मारते टिचकी.

लोखंडाचे_चणे

सगळ्यांचे आभार. दोन_पकडींचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला, ती म्हणाली पकडी घरात आणायच्या नाहीत.

माझ्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर, काल तो सेट पेटीत टाकला. जुना जाड अंगरखा घातला, वर कड्यांचा सदरा, खांद्याला काही नाही. हात वर करून बघितला, सगळं जागच्या जागी. समाधानानं पुढच्या बॉसकडे गेलो. एका फटक्यात मेलो. सात वेळा तसाच मेलो. आठव्या वेळी पराती परत चढवल्या.

वाचनमात्र

सगळा धागा वाचला. गेम कोणता पण?

लोखंडाचे_चणे

नाव नाही सांगणार. बहुभुजनं केलेला निघाला तर?

बहुभुज

डाव्या पत्र्याच्या काट्यांमधला तिसरा जरा वाकडा आहे का?

लोखंडाचे_चणे

थांबा, बघून येतो.

लोखंडाचे_चणे

आहे.

बहुभुज

प्रकाटाआ. (प्रतिसाद काढून टाकला आहे.)